कोकणातून मुंबईला कामासाठी: आधी लाईन धरा, खोली मागाहून

बारावी, आयटीआय किंवा पदवी झाली की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या घरांत एक वाक्य हमखास कानावर येतं: "मुंबयक जा, काकाकडे रव." काका असतोच. नसला तर आतेभाऊ असतो, तोही नसला तर वाडीतलं कुणीतरी असतंच. पण काका राहतो नालासोपाऱ्याला आणि नोकरी लागते तळोजा एमआयडीसीत, तेव्हा काय होतं हे गावात कुणी सांगत नाही. पश्चिम रेल्वेने दादर, तिथून पलीकडच्या लाईनवर, पुन्हा गाडी बदलून पनवेलची बाजू, मग रिक्षा किंवा कंपनीची बस. एका बाजूला दोन तासांच्या वर. महिनाभरात माणूस एकतर नोकरी सोडतो, नाहीतर काकाचं घर.

मुंबई, ठाणे, नवी मुंबई, कल्याण, वसई-विरार हे सगळं आपण 'मुंबई' म्हणतो. राहायच्या आणि कामाच्या हिशेबाने मात्र मुंबई म्हणजे रेल्वेच्या चार लाईनी: पश्चिम, मध्य, हार्बर आणि ठाणे-वाशी-पनवेलची ट्रान्स हार्बर. पुढचं सगळं या हिशेबानेच लिहिलं आहे.

गावातून निघायच्या आधी

तहसीलची कामं गावात असतानाच उरकून घ्या. अधिवास दाखला, जातीचा दाखला, लागू असेल तर जात पडताळणी आणि नॉन क्रिमिलेयर, शाळा सोडल्याचा दाखला, सगळ्या गुणपत्रिका. 'आपले सरकार'वर अर्ज घरबसल्या होतो म्हणतात. पण कागदात त्रुटी निघाली की सेतू केंद्रात नाहीतर तलाठ्याकडे फेरी पडतेच, आणि त्या एका फेरीसाठी मुंबईहून कणकवली गाठायची म्हणजे दोन दिवसांचा खाडा.

आधारला कुणाचा मोबाईल नंबर जोडलाय तो आजच बघा. आमच्याकडे निम्म्या पोरांच्या आधारला बाबांचा नंबर असतो. मुंबईत बँक खातं उघडताना, पीएफ सुरू करताना, भाडेकरार करताना ओटीपी जातो बाबांच्या फोनवर, आणि बाबा असतात काजूच्या बागेत, जिथे रेंज नाही. आधार केंद्रावर जाऊन स्वतःचा नंबर जोडून घ्या. पॅन कार्ड नसेल तर तेही काढा. मूळ कागद प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा, झेरॉक्सचे दोन संच वेगळे, आणि डिजिलॉकरमध्ये जे येतं ते आणून ठेवा.

गाडीचं लायसन्स असेल तर बरोबर घ्या. एमएच-०७ किंवा एमएच-०८ पासिंगची स्वतःची बाईक मुंबईत चालते. राज्य तेच असल्याने नव्याने नोंदणी लागत नाही. डिलिव्हरीचं काम करायचा विचार असेल तर बाईक जवळ असणं हाच मोठा फरक. मात्र विमा आणि पीयूसी चालू पाहिजे.

पैसे किती न्यावेत? पहिला पगार हातात यायला दीड-दोन महिने लागू शकतात असं धरा. तेवढ्या दिवसांचं जेवण, प्रवास आणि काकीला द्यायचे पैसे निघतील इतके हवेत. खोलीचं डिपॉझिट यात धरू नका, ती वेळ नंतर येते.

कधी निघावं

माझं मत विचाराल तर गणपती झाल्यावर. जूनमध्ये पोरं घाईने निघतात, पण तेव्हा मुंबईत पाऊस, शाळा-कॉलेजं सुरू झाल्यामुळे खोल्यांना मागणी, आणि दोन महिन्यांत चतुर्थी येऊन ठेपते. नवीन लागलेल्या माणसाने पहिल्याच महिन्यात आठ दिवसांची सुट्टी मागितली की सुपरवायझरचं तोंड बघण्यासारखं होतं. विसर्जन करून गेलात तर दिवाळीच्या तोंडावर दुकानं, गोदामं, कुरिअरवाले माणसं घेत असतात, तो मोसम गाठता येतो.

पुढच्या वर्षीच्या गणपतीचं मात्र नोकरी स्वीकारतानाच बोलून ठेवा. "साहेब, माझं गाव कोकणात आहे, चतुर्थीला पाच दिवस लागतील, बदल्यात दिवाळीत मी ड्युटी करीन." मुंबईतल्या जुन्या कंपन्यांना हे नवीन नाही. न सांगता गायब होणाऱ्यांमुळेच आपल्या माणसांचं नाव खराब होतं. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीचे १२० दिवस नोव्हेंबर २०२४ पासून गेले. कोकणकन्या, मांडवी, तुतारी यांची गणपतीतली तिकिटं उघडताक्षणी संपतात, म्हणून सुट्टीच्या तारखा त्याआधीच मंजूर झालेल्या बऱ्या.

एसटीने जायचं तर मुंबई सेंट्रल, परळ, कुर्ला नेहरूनगर, बोरिवली असे डेपो आहेत. काकाच्या घराला जवळचा कोणता ते आधी विचारून तिकीट काढा. बायकांना एसटीत मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. महामार्गाबद्दल न बोललेलं बरं. २०११ ला सुरू झालेल्या चौपदरीकरणाच्या गोष्टी तुम्हाला बसमध्ये शेजारचा माणूस सांगेलच.

लाईन कशी ठरवायची

इथे वेळ द्या. एका कागदावर आधी लिहा, मला येतं काय आणि ते काम मुंबईत कुठल्या पट्ट्यात आहे.

फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, मशिनिस्ट झालेल्यांसाठी कारखान्यांचा मोठा पट्टा आता मुंबई शहरात राहिलेला नाही. तो ठाणे-बेलापूर रोडला आहे, म्हणजे रबाळे, महापे, तुर्भे. पुढे तळोजा, आणि मध्य रेल्वेवर डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर. ठाणे-बेलापूर पट्ट्यासाठी ट्रान्स हार्बर लाईन सोयीची. तळोज्यासाठी पनवेल, कळंबोली, खारघर ही बाजू. बेलापूर ते पेंधर मेट्रोही नोव्हेंबर २०२३ पासून चालू आहे. बंदर, कंटेनर यार्ड, क्लिअरिंग-फॉरवर्डिंगचं काम न्हावा-शेवा आणि उरणकडे. उरणपर्यंत लोकल जानेवारी २०२४ मध्ये पोचली, त्यामुळे उलवे, बामणडोंगरी, खारकोपर इथे राहून ते जमतं. नवी मुंबई विमानतळही त्याच बाजूला आहे. गोदामांची कामं भिवंडीत. तिथे रेल्वेपेक्षा रस्त्यानेच जावं लागतं, म्हणून ठाणे, कळवा, कल्याण बरं.

ऑफिस, अकाउंट्स, बँकांची कंत्राटी कामं, हाउसकीपिंग, ड्रायव्हर या नोकऱ्या बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल), लोअर परळ, फोर्ट, अंधेरी-सीप्झ इथे दाटलेल्या. मेट्रो ३ आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाल्यावर बीकेसी आणि सीप्झला जाणं सोपं झालंय, पण रोज मेट्रोने जायचं तर तिकीट लोकलच्या पासापेक्षा बरंच महाग पडतं. सीप्झला काम असेल तर अंधेरीच धरायला हवी असं नाही. कांजूरमार्गला उतरून जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने बस मिळते, म्हणजे मध्य रेल्वेवाल्यालाही ते गाठता येतं.

जीएनएम किंवा एएनएम झालेल्या मुलींनी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी हातात असल्याशिवाय निघू नये. परळला केईएम आणि टाटा, सायनला लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलजवळ नायर, शिवाय खाजगी इस्पितळं सगळीकडे. नर्सिंगचं काम शिफ्टचं, म्हणून लाईनइतकंच पहिली आणि शेवटची गाडी किती वाजता हेही बघावं लागतं.

आता दुसरा कागद. आपली माणसं कुठे आहेत? लालबाग, परळ, गिरगाव, माझगाव इथली जुनी. मग भांडुप, कांजूर, घाटकोपर, विक्रोळी. आणि गेल्या दोन पिढ्यांत दिवा, डोंबिवली, बदलापूर, नालासोपारा, विरार. पहिल्या कागदावरचा पट्टा आणि दुसऱ्या कागदावरचा नातेवाईक एकाच लाईनवर येत असतील तर तिथे जा. येत नसतील तर जवळच्या नात्यातल्या काकापेक्षा बरोबर लाईनवरचा लांबचा भाऊ बरा.

गावी वारंवार जावं लागणार असेल, म्हणजे आई-बाबा थकलेले, शेती, देवाचं वर्षपद, तर आणखी एक गोष्ट बघा. कोकणच्या गाड्या दादर, ठाणे, पनवेलवरून जातात आणि सावंतवाडीची पॅसेंजर दिव्याहून सुटते. विरार-नालासोपाऱ्याच्या माणसाला सामान घेऊन आधी दादर किंवा ठाणे गाठावं लागतं. ऑगस्ट २०२४ पासून वांद्रे टर्मिनसहून वसईमार्गे मडगावला गाडी आहे, पण ती रोज नाही.

पहिले दोन महिने: काकाचं घर की गावाची खोली

मुलगे असाल तर गावात आधी चौकशी करा की आपल्या गावाच्या मुंबई मंडळाची खोली अजून आहे का. गिरणगावात आणि गिरगाव-माझगावकडे अनेक गावांनी, कधी एकेका वाडीने, गिरण्यांच्या काळात अशा खोल्या घेऊन ठेवल्या. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, खोल्या राहिल्या. आता पुनर्विकासात त्यातल्या बऱ्याच गेल्या, तरी काही अजून चालू आहेत. नियम साधारण सारखेच: गावातल्या कुणीतरी ओळख द्यायची, महिन्याची थोडी वर्गणी, सामान एका पेटीत नाहीतर बॅगेत, रात्री चटई, जेवण बाहेर खानावळीत, बायको आणायची नाही, दारू नाही. खोलीत शिफ्टवाले असतात, म्हणून दिवसा कुणीतरी झोपलेलं असतंच. खाजगीपणा शून्य. पण दादर-परळच्या मध्यावर इतक्या कमी पैशात पाय ठेवायला दुसरी जागा नाही, आणि नोकरीची पहिली खबरही बऱ्याचदा त्याच खोलीत मिळते. मंडळाच्या सेक्रेटरीला गावातल्या मोठ्या माणसाकडून फोन करवून घ्या. परस्पर बॅग घेऊन दारात उभं राहू नका.

काकाकडे राहणार असाल तर जाण्याआधीच मुदत सांगा. "काका, दोन महिने राहीन, दिवाळीपर्यंत माझी सोय करीन." मुदत सांगितलेला पाहुणा जड होत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत चार माणसं आधीच असतात, त्यात तुम्ही पाचवे. पाणी किती वाजता येतं ते पहिल्याच दिवशी विचारा आणि तेव्हा उठून भरू लागा. सकाळी संडास-बाथरूमला शाळेची पोरं आणि ड्युटीवाले आधी, नोकरी शोधणारा शेवटी. पैसे काकाला देऊ केलेत तर तो "अरे, ठेव ते" म्हणणार. म्हणून वाणसामानाचे म्हणून काकीच्या हातात ठेवा, दर महिन्याला, न विचारता. गावाहून येताना उकडे तांदूळ, कुळथाचं पीठ, आमसुलं, सुकट घेऊन या. सुकट मात्र चार पिशव्यांत बांधा, रात्रीच्या गाडीत शेजारी लोक असतात.

मुलींसाठी गावाच्या खोलीची सोय नसते, ही त्या व्यवस्थेची जुनीच बाजू. नोकरदार महिलांची वसतिगृहं आहेत, पण जागा मिळायला वेळ लागतो, म्हणून अर्ज गावातूनच करून ठेवा. मोठ्या इस्पितळांत नर्सेसना क्वार्टर मिळते का ते मुलाखतीतच विचारा. पेइंग गेस्ट म्हणून राहायचं तर खाटेवर भाडं असतं. तिथे एका खोलीत किती खाटा, परत यायची वेळ किती, शिफ्ट असेल तर दार कोण उघडणार, हे तीन प्रश्न भाड्याच्याही आधी.

काम शोधताना

आयटीआयवाल्यांनी थेट पगाराच्या मागे न लागता शिकाऊ उमेदवारीकडे आधी बघावं. माझगाव डॉक, नेव्हल डॉकयार्ड, रेल्वेच्या माटुंगा, परळ आणि लोअर परळ वर्कशॉप इथे अ‍ॅप्रेंटिस घेतात. विद्यावेतन कमी असतं, पण त्या प्रमाणपत्रावर पुढे दारं उघडतात. अर्ज ऑनलाइन, जाहिरात त्यांच्याच संकेतस्थळावर. सरकारच्या महास्वयम् पोर्टलवरही नाव नोंदवून ठेवा, रोजगार मेळाव्यांची खबर तिथे लागते.

सिक्युरिटीचं काम लगेच मिळतं, म्हणून बरेचजण त्यात शिरतात. ठेकेदाराकडे लागताना ड्युटी आठ तासांची की बारा, हे आधी विचारा. बारा तासांचा पगार सांगून आठ तासांचा वाटावा अशी बोलण्याची पद्धत असते. १९८१ च्या कायद्याखालचं सुरक्षा रक्षक मंडळ वेगळं. तिथे नोंदलेल्या रक्षकाला मंडळामार्फत पगार आणि सवलती मिळतात. भरती निघते तेव्हा उंची-छातीची मोजमापं आणि कागद लागतात, म्हणून लक्ष ठेवा.

आणि हे दोनदा वाचा: नोकरी देण्यासाठी पैसे मागणारा नोकरी देत नसतो. रजिस्ट्रेशन, गणवेश, आयडी कार्ड, मेडिकल, नाव काहीही असो. विमानतळ, बंदर आणि रेल्वे या तीन नावांनी सर्वात जास्त टोप्या घातल्या जातात, कारण गावात ती नावं सांगितली की घरचे लगेच पैसे काढून देतात. स्टेशनबाहेरच्या गाळ्यात मुलाखत, लगेच 'सिलेक्शन', मग गुगल पेवर पैसे. असं झालंच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा, जितका उशीर तितके पैसे पुढे सरकतात. मूळ गुणपत्रिका किंवा मूळ आधार ठेवून घेणाऱ्या मालकाकडेही लागू नका. दाखवायचं मूळ, द्यायची झेरॉक्स.

पगाराची पावती वाचायला शिका

मुलाखतीत सांगतात ते सीटीसी, म्हणजे मालकाचा तुमच्यावर होणारा एकूण खर्च, आणि हातात येतं ते वेगळंच. एक उदाहरण धरू. समजा कापायच्या आधीचा पगार २०,००० आहे आणि त्यात मूळ पगार व महागाई भत्ता मिळून १५,०००. त्यावर पीएफ १२ टक्क्यांनी १,८०० जातील. ईएसआय, म्हणजे आजारपणाचा सरकारी विमा, पूर्ण २०,००० वर ०.७५ टक्के म्हणजे १५०. व्यवसाय कर २००, फेब्रुवारीत ३००. हातात १७,८५०. सीटीसी म्हणून सांगितलेल्या आकड्यात मालकाचा पीएफचा वाटाही बसवलेला असतो, म्हणून तो आकडा २२,००० च्या आसपास ऐकू आला असेल. बायकांना महिना २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही. तो कापला असेल तर विचारा.

पीएफ कापला म्हणून हळहळू नका, पण तो खात्यात भरला जातोय का ते बघा. यूएएन नंबर, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, मागून घ्या, तो स्वतःच्या मोबाईलला जोडा आणि दर दोन-तीन महिन्यांनी पासबुक उघडा. पावतीवर कापलेला आणि पासबुकात न दिसणारा पीएफ ही ठेकेदारांची नेहमीची करामत. नोकरी बदलताना यूएएन तोच द्या.

ईएसआय महिना २१,००० पर्यंतच्या पगाराला लागू असतो, आणि लोक त्याचा उपयोगच करत नाहीत. बायको-मुलांबरोबर तुमच्यावर अवलंबून असलेले आई-वडीलही त्यात बसू शकतात. नोंदणी करताना त्यांची नावं घालायला विसरू नका.

स्वतःची खोली

दोन पगार झाले की खोली बघायला सुरुवात करा. एकटे असाल तर गावातले किंवा कामावरचे तिघे-चौघे मिळून वन आरके (एक खोली आणि स्वयंपाकघर) घेणं सगळ्यात स्वस्त. पट्ट्यांबद्दल थोडक्यात सांगतो. घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे इथल्या गावठाणांत कामाला जवळ आणि परवडेल अशा खोल्या मिळतात, पण इमारती खेटून आणि उजेड कमी. कळवा, दिवा स्वस्त. दिव्यात गर्दी एवढी की सकाळी गाडीत चढणं हीच अर्धी ड्युटी. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ दाराला लटकलेली माणसं पडून जीव गेले, ते याच लाईनवर. बदलापूरला हवा आणि पाणी दोन्ही चांगलं, अंतर मात्र लांब. नालासोपारा-विरारला भाडं कमी, पश्चिम रेल्वेवर काम असेल तरच घ्या. भाडं, पास आणि रिक्षा यांची बेरीज करून मगच दोन जागांची तुलना करा. आठशे रुपये भाडं वाचवून हजाराची रिक्षा करणारे भरपूर आहेत.

खोली बघायला एकदा दिवसा जा आणि एकदा रात्री आठनंतर. पाणी किती वाजता आणि किती वेळ येतं हे एजंटला न विचारता समोरच्या बिऱ्हाडातल्या बाईला विचारा. तळमजला असेल तर "पावसात पाणी कुठपर्यंत चढतं?" हेही तिलाच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, तेव्हाची खूण जुन्या रहिवाशांच्या भिंतीवर आणि डोक्यात अजून आहे. विजेचा मीटर वेगळा आहे का? शहरात बेस्ट, उपनगरांत मुख्यतः अदानी, भांडुप-मुलुंडपासून पुढे महावितरण. बिल कुणाच्या नावावर येतं ते बघा, आणि मालक युनिटमागे स्वतःचा दर लावणार असेल तर तो करारात लिहून घ्या.

मासे चालतात का, हेही विचारून ठेवा. हसू नका. खोली आवडली, टोकन दिलं, आणि मग सोसायटीने सांगितलं की इथे नॉनव्हेज नाही, असे प्रसंग होतात. मुंबईत राहून बांगडा लपून तळायचा म्हणजे अतिच झालं. एकट्या मुलांना काही सोसायट्या घेत नाहीत, तिथे वाद घालण्यात वेळ दवडू नका.

एजंटची दलाली साधारण एका महिन्याचं भाडं असते. गावच्या माणसाच्या ओळखीने खोली मिळाली तर ती वाचते, म्हणून मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आधी विचारा.

आता करार. एजंट सांगेल, अकरा महिन्यांचा करार नोंदवायची गरज नाही, शंभराच्या नाहीतर पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करू. महाराष्ट्रात हे चालत नाही. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार (हाच तो अकरा महिन्यांचा भाडेकरार) लेखी आणि नोंदणीकृतच पाहिजे, आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. लेखी नोंदणीकृत करार नसताना वाद झाला तर, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. हे मालकाला धमकी म्हणून सांगू नका, समजावून सांगा. करार त्याच्याही फायद्याचा आहे. खर्च फार नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, म्हणजे ८,००० भाडं आणि अकरा महिने असतील तर ८८,००० वर २२०, डिपॉझिटच्या हिशेबाने त्यात थोडी भर. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,०००. बाकी एजंट सांगतो ती रक्कम म्हणजे त्याचा फेरा आणि मेहनताना, त्यात घासाघीस चालते. अंगठे ऑनलाइन घेतात, दोन साक्षीदार लागतात. नोंदणीकृत प्रत मागून घ्या, कारण बँक, गॅस आणि कंपनीत पत्ता म्हणून हीच चालते. मालक पोलिसांत भाडेकरूची माहिती देतो, त्याला आधार आणि फोटो द्या.

डिपॉझिट चेकने किंवा ऑनलाइन, मालकाच्याच खात्यात. एजंटच्या खात्यात नाही. आत शिरताना भिंती, नळ, खिडक्या, पंखा यांचे फोटो काढून मालकाला पाठवून ठेवा. सोडताना "रंगकामाचे कापतो" म्हणायला त्याला वाव राहत नाही.

'हेवी डिपॉझिट' म्हणून एक प्रकार कानावर येईल: चार-पाच लाख एकरकमी द्या, भाडं नाही किंवा नाममात्र. गावाकडची जमीन, दागिने यातून पैसे उभे करून लोक हे करतात. मला हा प्रकार पटत नाही. खोलीवर आधीच बँकेचं कर्ज असतं, एकच खोली दोघा-तिघांना दिलेली असते, किंवा मालक म्हणून भेटलेला माणूसच भाडेकरू निघतो. करायचंच असेल तर इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा सरकारी उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मालमत्ता कराचं बिल आणि मालकाचं आधार यांतलं नाव एक आहे का बघा, बँकेचा बोजा विचारा, आणि पूर्ण रक्कम करारात लिहून नोंदणी करा. यातलं एकही टाळत असेल तर उठून या.

लोकल

मासिक पास काढा, तिमाही परवडला तर तो. मोबाईलवर निघतो. फर्स्ट क्लास, अपंग आणि सामानाचे डबे फलाटावर कुठे येतात ते पहिल्या दिवशी बघून ठेवा. चुकीच्या डब्यात सापडलात तर तिकिटाच्या वर किमान २५० दंड. विरार फास्टमध्ये अंधेरी-बोरिवलीला उतरायच्या बेताने चढू नका, उतरू देत नाहीत. नवीन माणसाने दारात उभं राहू नये, एवढं ऐका.

रेशन आणि मतदान

गावचं रेशनकार्ड लगेच हलवायची घाई नको. पोर्टेबिलिटीमुळे तुमच्या वाट्याचं धान्य मुंबईतल्या दुकानात अंगठा देऊन उचलता येतं, मात्र घरचे गावात सगळं उचलत असतील तर तो वाटा दोनदा मिळत नाही. मतदानाचं नाव हलवायचं की गावातच ठेवायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. हलवायचं तर फॉर्म ८.

विकत घराचा विचार मनात आला तर

लग्न ठरलं की घरचे म्हणतात, खोली घे. थांबा, आधी म्हाडा आणि सिडको, म्हणजे सोडतीने घरं देणाऱ्या सरकारी संस्था. दिव्यापासून विरारपर्यंत आणि खाली रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गपर्यंतची घरं म्हाडाच्या कोकण मंडळाकडे येतात. मुंबई शहर-उपनगरांचं मंडळ वेगळं. मुंबई महानगर प्रदेशात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ६ लाखांपर्यंत असेल तर अत्यल्प गट, ९ लाखांपर्यंत अल्प, १२ लाखांपर्यंत मध्यम. अर्जाला अधिवास दाखला, पॅन, आधार, उत्पन्नाचा पुरावा लागतो. नवी मुंबईत तळोजा, खारघर, उलवे या बाजूला सिडकोची घरं निघतात. सोडत संगणकावर होते, आतून नंबर लावून देणारा कुणी नसतो. देतो म्हणणारा पैसे घेऊन जातो. सोडतीत लागलं नाही तरी शिल्लक घरांवर लक्ष ठेवा. विरार-बोळींजच्या म्हाडाच्या घरांना बराच काळ गिऱ्हाईक नव्हतं, ती शेवटी प्रथम येणाऱ्यास प्राधान्य या पद्धतीने विकायला काढावी लागली.

खाजगी बिल्डरकडे जाणार असाल तर महारेराचा, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नंबर बघाच, पण तेवढ्यावर थांबू नका. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी बनावट परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवली होती. त्या पाडायचा आदेश उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला आणि आत कर्ज काढून घर घेतलेली कुटुंबं होती. नालासोपाऱ्यात २०२५ च्या सुरुवातीला ४१ इमारती पाडल्या. म्हणून टोकन द्यायच्या आधी बांधकाम परवानगीची प्रत घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात जा आणि तो क्रमांक त्यांच्या नोंदीत आहे का विचारा. तोंडी सांगत नसतील तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका. उत्तराला महिना लागतो, तेवढे दिवस बिल्डर "उद्या रेट वाढतोय" म्हणत राहील.